अक्षराला आठ आणे

भाईंदरच्या इंद्रलोकात राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात दत्ताराम नाईकधुरेला गावाकडच्या चुलत्याने फोनवर विचारलं होतं, की मग रंभा-मेनका दिसतात का. दत्ताराम म्हणाला, "चार मजले आणि लिफ्ट नाही. त्या कशाला चढतील?"

पत्ता मोठा आणि जिना मोठा, एवढंच काय ते त्या वसाहतीत स्वर्गीय. पण घर स्वतःच्या नावावर होतं आणि संडासाला बादली घेऊन रांगेत उभं राहावं लागत नव्हतं. लालबागची चाळीतली खोली विकून आलेल्या पैशांतले थोडे मुलीच्या, रसिकाच्या, लग्नात गेले, बाकीचे या घरात, आणि कमी पडलेले तीन लाख बँकेने दिले. मुदत बारा वर्षं. दत्ताराम तेव्हा शेहेचाळीसचा. गोरेगावला एका औषध कंपनीच्या डिस्पॅचमध्ये खोक्यांवर पत्ते लिहायचा, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती. म्हणजे शेवटचा पगार आणि शेवटचा हप्ता एकाच महिन्यात, फेब्रुवारी दोन हजार सोळा. ही तारीख तो लग्नाच्या मुहूर्तासारखी सांगायचा. समोरच्याने विचारलेलं नसलं तरी.

आता कर्ज कोणाला नसतं? त्या बिल्डिंगमध्ये वॉचमन सोडला तर सगळ्यांनाच होतं. पण बाकीचे ते दुखण्यासारखं लपवायचे आणि दत्ताराम ते सुनेसारखं मिरवायचा. त्यात त्याला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा, तर हप्ता कधी वाढला नाही याचा. एकतीसशे सहासष्ट रुपये. भाजी वाढली, पास वाढला, केबलवाला वाढला, पण हप्ता जागचा हलला नाही. बँकेकडून अधूनमधून इंग्रजी पत्रं यायची. दत्ताराम हप्त्याचा आकडा तेवढा तपासायचा, तोच आहे म्हटल्यावर पत्र पंख्याच्या गॅरंटी कार्डाबरोबर नीट ठेवून द्यायचा.

चार वर्षं अशी झाली आणि दत्तारामच्या डोक्यात एक कल्पना आली. बिल्डर एकेक स्लॅब पडला की नारळ फोडतो, पेढे वाटतो. मग कर्जालाही स्लॅब असायला काय हरकत आहे? बारा वर्षांचे तीन स्लॅब. चार वर्षं झाली, म्हणजे पहिला स्लॅब पडला.

हंसा, त्याची बायको, तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अजून आठ वर्षं राहिलीत ना? मग कसला नारळ?"

"अगं, बिल्डर काय सगळी बिल्डिंग झाल्यावर नारळ फोडतो?"

हंसाने निवडलेले तांदूळ बाजूला ठेवले आणि त्याला रवा आणायला सांगितलं. रवा आणायला सांगितलेला माणूस एवढ्या उत्साहाने कधी खाली उतरत नाही, हे तिला माहीत होतं. मग दोन हजार आठच्या फेब्रुवारीत त्या घरात सत्यनारायण झाला. बत्तीस बिऱ्हाडांना बोलावणं. विमलाबाई दुसऱ्या मजल्यावरच्या. बिल्डिंगमधली कुठलीही बातमी आधी त्यांच्याकडे जायची, मग ज्याची असेल त्याच्याकडे. त्यांनी शिऱ्याचा द्रोण हातात घेऊन विचारलं, की पूजा कशाबद्दल. दत्तारामने सांगितलं. विमलाबाईंनी द्रोण खाली ठेवला, दत्तारामला हात जोडले, आणि पुन्हा द्रोण उचलला. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं, की नाईकधुऱ्यांचं कर्ज जवळजवळ फिटलं.

दुसऱ्या दिवशी दत्ताराम अर्धी रजा टाकून बँकेत गेला. हातात कडीचा स्टीलचा डबा, डब्यात प्रसाद. ज्यांचं कर्ज त्यांना प्रसाद नको का?

कर्जाच्या टेबलावर सलोनी मॅडम होत्या, भाईंदरच्याच, रसिकाच्या वयाच्या. त्यांनी शिरा खाल्ला, वेलदोडा छान लागतोय म्हणाल्या, आणि सहज कॉम्प्युटरवर खातं उघडलं. मग त्यांनी चमचा खाली ठेवला. प्रसादाचा घास तोंडात असताना वाईट बातमी कशी सांगायची, हे बँकेच्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नसावेत.

"काका," त्या म्हणाल्या, "तुमची बारा वर्षं पाच महिने राहिलीत."

दत्तारामने समजुतीच्या सुरात त्यांची चूक सुधारली. बारा वर्षं सुरुवातीला होती. आता आठ.

मॅडमनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. व्याजाचा दर बदलता होता. साडेसात होता तो चढत चढत बारावर गेला होता. दर वाढला की बँक हप्ता वाढवत नाही, मुदत वाढवते. चार वर्षांत दीड लाख भरून झाले होते, त्यातले मुद्दलात गेले जेमतेम छपन्न हजार. दत्ताराम चार वर्षं चालत होता आणि रस्ता त्याच्यापेक्षा जोरात लांब होत होता. कर्ज संपायची तारीख आता होती जुलै दोन हजार वीस. निवृत्तीच्या पलीकडे साडेचार वर्षं.

दत्ताराम उठला, नमस्कार केला आणि बाहेर पडला. घरापर्यंत तो चालत आला. वाटेत भेटलेल्या दोघांनी पहिल्या स्लॅबबद्दल अभिनंदन केलं, ते त्याने घेतलं. हंसाने विचारलं तेव्हा मॅडमना शिरा फार आवडला असं सांगितलं, जे खरंच होतं.

"आणि डबा?"

डबा बँकेत राहिला होता.

माणूस बायकोपासून काय वाटेल ते लपवू शकेल, पण डबा? हंसाच्या स्वयंपाकघरात चमचा इकडचा तिकडे झाला तरी तिला झोपेत कळायचं. आणि हा डबा तिच्या आईने रसिकाच्या बारशाला दिलेला. दत्ताराम उद्या आणतो म्हणाला. उद्याही उद्या आणतो म्हणाला. बँकेत परत जायला त्याचे पाय वळेनात. चौथ्या दिवशी हंसा स्वतः गेली.

तिथे काय झालं ते पुढे सलोनी मॅडमनीच हसत हसत सांगितलं, म्हणून कळलं. बँकेच्या शिपायाने डब्यात चहाची साखर भरली होती. तो म्हणाला, ह्याच्यावर नाव कुठाय तुमचं? नाव नव्हतंच. लालबागच्या चाळीत भांडं पोच्यावरून ओळखायचे, नाव घालायचा खर्च कोण करतो. हंसाने तळाजवळचा पोचा दाखवला, हा रसिकाने दीड वर्षाची असताना जिन्यावरून टाकला होता म्हणून सांगितलं, साखर कागदावर ओतली आणि डबा काखेत मारला. ती निघणार तेवढ्यात सलोनी मॅडम भल्या मनाने म्हणाल्या, की काकू, काकांना सांगा धीर सोडू नका, दर उतरेल तशी बारा वर्षं कमीही होतील.

हंसाला तेव्हा कळलं. पण तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही, असं मॅडम सांगतात. ती खुर्ची ओढून बसली आणि तिने एकच गोष्ट विचारली. हप्त्याहून जास्त पैसे आणून भरले तर ते कुठे जातात? मॅडम म्हणाल्या, सरळ मुद्दलात.

त्या दिवशी जेवताना तिने डबा दत्तारामच्या पानासमोर ठेवला. दत्तारामचा हात भातातच थांबला.

"निवृत्तीनंतर साडेचार वर्षं काय भरणार होतात?" हंसा म्हणाली. "शिरा?"

दत्तारामने डबा पानासमोरून बाजूला केला. ओरडा खायची त्याने चार दिवस तयारी केली होती, ती फुकट गेली. हंसाने आमटी वाढली आणि म्हणाली, "कर्ज निवृत्तीच्या अलीकडे आणायचं. जास्त भरायचं."

"कुठून?"

"ते बघू. आधी भांड्यांवर नावं घालून आणते. उद्या कोणी साखर भरायला नको."

आता बघा, बाई घरातली भांडी पिशवीत भरून नावं घालायला जाते आणि त्यातून काय निघतं. नवघर रोडला जयंतीभाईंचं भांड्यांचं दुकान. भाईंदरात स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, त्यामुळे दुकानं पैशाला पासरी, पण जयंतीभाईंकडे लग्नाची गिऱ्हाइकं जास्त. हंसा गेली तेव्हा लग्नसराई तोंडावर आलेली, आणि नावं घालणारा कारागीर गावाला गेला तो परतलाच नव्हता. भांड्यांच्या थप्प्या नावाविना पडून होत्या आणि जयंतीभाई डोक्याला हात लावून. हंसा म्हणाली, मशीन कुठाय? नाव घालायचं मशीन म्हणजे पेनासारखं, वायर जोडलेलं, टोकाला सुई, चालू केलं की मधमाशीसारखं गुणगुणतं. हंसाने आपलाच डबा मांडीवर घेतला, पण मग काय वाटलं कोणास ठाऊक, तो बाजूला ठेवून एका जुन्या वाटीवर हात चालवला. तिचं अक्षर शाळेपासून वळणदार. चाळीच्या फळ्यावर गणपतीचा कार्यक्रम तीच लिहायची.

जयंतीभाईंनी वाटी उजेडात धरली. "बेन, अक्षर तो मोती जैसा है," ते म्हणाले. "रोज येणार काय? अक्षराला आठ आणे देईन."

अक्षराला आठ आणे. ती रात्री भाकऱ्या थापताना हे सांगत होती आणि दत्ताराम मनात हिशेब करत होता, की आठ आण्यांनी तीन लाखांच्या कर्जाला ओरखडा तरी पडेल का. त्याने तसं म्हटलं नाही. हल्ली त्याचे हिशेब मनातच बरे, असं त्याला वाटायला लागलं होतं.

हंसा रोज दुपारी जायला लागली. बिल्डिंगमध्ये काही बोलायचं नाही असं ठरलं, कारण कर्ज जवळजवळ फिटलेल्या घरातली बाई दुकानात का जाते, हे विमलाबाईंना कोण समजावणार? पण बोटं काळी व्हायची, ती लपत नव्हती. विमलाबाईंनी ती बोटं पाहिली आणि चार दिवसांत निकाल लावून टाकला, की हंसा स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये केसांना कलप लावायला जाते. बिल्डिंगमधल्या दोन बायका गुपचूप हंसाला भाव विचारून गेल्या.

आणि पहिला स्लॅब मिरवल्याची किंमत वेगळीच. कर्ज फिटत आलेला माणूस म्हणून गणपतीची वर्गणी दुप्पट मागितली गेली. पावसाळ्यात गच्ची गळायला लागली, ती नेमकी सत्यनारायणाचा चौरंग मांडला होता त्या जागेवर, आणि दुरुस्तीला घरटी अठरा हजार ठरले तेव्हा सगळ्यांनी एकमताने दत्तारामला खजिनदार केलं. खजिनदाराने आधी भरावेत, म्हणजे बाकीच्यांना हुरूप येईल. दत्तारामने भरले. कसे, ते विचारू नका.

पण त्याआधी जूनमध्ये एक गोष्ट घडली. हंसाने पहिल्या तीन महिन्यांचे बारा हजार त्याच्या हातात दिले. सुट्या नोटा, त्यांना स्टीलचा वास येत होता. दत्तारामने त्या बँकेत भरल्या. बारा हजार म्हणजे चार हप्ते, चार महिने कमी होतील, असं धरून तो बसला होता. सलोनी मॅडमनी आकडा टाकला आणि म्हणाल्या, "काका, पंधरा महिने कमी झाले."

दत्तारामने त्यांना पुन्हा बघायला लावलं. त्यांनी पुन्हा बघितलं. ज्या व्याजाच्या करामतीने मुदत नकळत वाढली होती, तीच करामत आता उलटी चालत होती. मुद्दलातला एक रुपया गेला की त्याच्यावर पुढे वर्षानुवर्षं चढणारं सगळं व्याज त्याच्याबरोबर जात होतं. तीन महिन्यांच्या आठ-आठ आण्यांनी सव्वा वर्ष खाऊन टाकलं होतं. दत्ताराम बाहेर आला आणि बँकेच्या पायरीवर बसला. चोवीस वर्षं संसार केलेली बायको आपल्याला नीट माहीत आहे, असं तो समजत होता.

त्यानंतर त्याला माणसांच्या नावांत नवाच रस वाटायला लागला. डिस्पॅचमध्ये खोक्यांवर पत्ते लिहिताना एखादा विश्वनाथशास्त्री आला, की त्याचा जीव सुखावायचा. गुजराती मंडळी दोन अक्षरांत आटपतात, बापाचं एक आणि आपलं एक, याचं त्याला वाईट वाटायचं. आपल्या लोकांचं बघा, मुलीचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, वर तारीख, वर कोणाच्या लग्नाप्रीत्यर्थ. हंसाने त्याला सांगितलं होतं, की जोडाक्षराला एकच अक्षर धरतात. दत्तारामला हा अन्याय वाटायचा. जोडाक्षराला दीड तरी धरायला हवं.

संक्रांत आली. विमलाबाई हळदीकुंकवाचं वाण घ्यायला जयंतीभाईंच्या दुकानात गेल्या. वाट्या घेतल्या, वर नाव घालायचं म्हणाल्या आणि अक्षराच्या भावावरून हुज्जत घालायला लागल्या. जयंतीभाई पडद्यामागे गेले, म्हणाले, कारीगरला विचारतो. पडद्यामागे हंसा होती. तिने मान हलवली, नाही. विमलाबाईंना भाव कमी झाला नाही.

हळदीकुंकवाला हंसा गेली. विमलाबाईंनी तिच्या हातात वाटी ठेवली आणि म्हणाल्या, "अक्षर बघ हंसा, कसं कोरलंय. राजस्थानचा कारागीर आहे म्हणे. भावाला मात्र कडक हो, आठ आणे सोडायला तयार नाही."

हंसाने वाटी डोळ्यांजवळ नेली, जणू पहिल्यांदाच बघतेय. "हात चांगला आहे," ती म्हणाली. "एवढं काम तर आठ आणे कशाला सोडेल?"

घरी येऊन तिने ती वाटी दत्तारामला दाखवली आणि दोघं इतकी हसली, की खालच्या मजल्यावरच्यांनी काठीने छत ठोकलं.

ते हसणं महिनाभरही पुरलं नाही. फेब्रुवारीत दत्तारामच्या कंपनीने सगळ्यांना बोलावून सांगितलं, की जगात मंदी आहे, परदेशी माल जात नाही, पगारातला पाचवा हिस्सा तात्पुरता कापणार. ओव्हरटाइम बंदच. तात्पुरता म्हणजे किती दिवस, हे विचारणाऱ्याकडे साहेबांनी असं बघितलं, की पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही. आता हंसाचे पैसे घरात जायला लागले. मार्चमध्ये बँकेत हप्त्याशिवाय दमडी गेली नाही. कर्ज संपायची तारीख होती तिथेच बसली, निवृत्तीच्या दोन-अडीच वर्षं पलीकडे.

आणि एप्रिलमध्ये हंसाचं मनगट सुजलं.

मशीनची थरथर वर्षभर हाडात मुरली होती. डॉक्टरने पट्टा बांधला, महिनाभर हात हलवायचा नाही म्हणाला. दत्ताराम रात्री बघायचा, ती झोपलेली असायची आणि पट्ट्यातली बोटं चादरीवर हळूहळू वळत असायची. झोपेत नावं घालत होती. कोणाकोणाची घालत होती कोण जाणे. चि. आणि सौ. कां. आणि कै., वर्षभरात त्या हाताखालून अख्ख्या भाईंदरची लग्नं, बारशी आणि बारावे गेले होते. दत्तारामला वाटायचं, हात धरून थांबवावा. पण झोपेतल्या कामाचे पैसे मिळत नाहीत, एवढंच म्हणून तो कूस बदलायचा, आणि मग बराच वेळ जागा राहायचा.

नेमका याच महिन्यात घोडबंदरचा शिवदास पाटील जयंतीभाईंच्या दुकानात आला. सफेद कपडे, गळ्यात सोन्याची साखळी, मोठ्या गाडीतून. एके काळी बापजाद्यांचं मिठागर, आता जमिनीचे पैसे. मुलाचं लग्न वैशाखात. आहेराला द्यायला सहाशे ताटं हवी होती आणि प्रत्येक ताटावर मुलाचं नाव, सुनेचं नाव, गाव आणि तारीख. जयंतीभाईंनी हंसाला निरोप पाठवला. हंसा पट्टा बांधलेला हात घेऊन दुकानात आली. सोबत दत्ताराम होता, रविवार होता म्हणून.

शिवदासने तो पट्टा पाहिला. "बाय, तुजा हात तर दुखताय," तो म्हणाला. "दुसऱ्या कोनाला देऊ का?"

"पाटील, ताटं ठेवून जा," हंसा म्हणाली. "लग्नाआधी मिळतील."

"येक बी ताट बिननावाचा न्हाय पायजे हा. आमच्यात तसा चालत न्हाय."

"नाही राहणार."

शिवदास गेल्यावर दत्ताराम घाबरून म्हणाला, "अगं, कोण घालणार सहाशे?"

हंसाने मशीन उचलून त्याच्या हातात दिलं.

आता खरं म्हणजे इथे दत्तारामच्या बाजूने चार शब्द बोलायला हवेत, कारण गेली दीड-दोन पानं त्याची फजितीच चाललीय. पंचवीस वर्षं खोक्यांवर पत्ते लिहिलेला माणूस, लिहायला घाबरणारा नव्हता. पण पुठ्ठा आणि स्टील यात फरक असतो. पहिलं ताट त्याच्या हातून सुटलं आणि सुई घसरून वरासकट वधूच्या नावावरून पार काठापर्यंत गेली. जयंतीभाई म्हणाले, "आ तो हिसाबनी चोपडी लागे छे," म्हणजे ही तर खोडलेली हिशेबाची वही वाटते. ते ताट बाजूला ठेवलं. मग हंसाने युक्ती काढली. डाव्या हाताने ती ताटावर पेन्सिलीने अक्षरं काढायची, वाकडीतिकडी पण वळण बरोबर, आणि दत्ताराम त्यावरून सुई फिरवायचा. ती म्हणायची, हलक्या हाताने. म्हणायची, वेलांटी ओढू नका, वळवा. रविवार सबंध आणि इतर दिवशी ऑफिसातून सुटला की थेट दुकान. पगार कापल्यामुळे ओव्हरटाइम नव्हता, त्याचा एवढा तरी उपयोग झाला.

त्या आठवड्यांत त्याला कळलं, हंसा वर्षभर काय करत होती. मांडीवर ताट गरम होतं. गुणगुण कानात बसते ती जेवतानाही जात नाही. पन्नासाव्या ताटाला मनगट जळायला लागतं, आणि पन्नास ताटं म्हणजे थप्पीचं वरचं टोक. एका संध्याकाळी त्याने मशीन बंद करून हंसाकडे बघितलं. ती डाव्या हाताने पुढच्या ताटावर अक्षरं काढत होती, जीभ दातांत धरून, शाळेतल्या मुलीसारखी. त्याच्या मनात आलं, की ही बाई या दुकानात रोज एकटी बसून डोंगर फोडत होती, आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्याला विचारत होती, की आज तुम्ही दमलात का.

"काय बघताय?" हंसा म्हणाली.

"काही नाही. पाटलांच्या आडनावात अक्षरं कमी आहेत."

लग्नाच्या आदल्या दिवशी शेवटची थप्पी टेम्पोत चढली. शिवदासने वरचं एक ताट काढून बोटाने अक्षरं चाचपली. मग त्याने दोघांना विचारलं, की कुठं राहता. इंद्रलोक म्हटल्यावर तो हसला. म्हणाला, त्याच्या वडिलांच्या वेळेला तिथे खाजण होतं, भरतीचं पाणी यायचं. "तिथं घर उभा ऱ्हायला, आन त्याचा करज तुमी ताटावर लिवून फेडताव?" जयंतीभाईंनी त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं. त्याने पैसे चुकते केले आणि दोघांना लग्नाचं आमंत्रण दिलं. ही दोघं गेली. पंगतीत समोर आपलंच ताट आलं, आणि दत्ताराम जेवायचं सोडून वधूच्या नावातली वेलांटी बघत बसला. ती त्याने काढलेली होती आणि ती थोडी ओढलेली होती.

त्या जूनला बँकेत अठरा हजार गेले. हंसाचा हात पावसाळ्यात बरा झाला, पण डॉक्टरच्या सांगण्यावरून ती दिवसाला ठरावीकच भांडी करायची. बाकीची रविवारी दत्ताराम करायचा. विमलाबाईंना अखेर कळलं. कळणारच होतं, कारण रविवारी दुपारी दत्तारामची बोटंही काळी दिसायला लागली, आणि नवरा-बायको दोघंही पार्लरमध्ये कलप लावतात यावर विमलाबाईंचाही विश्वास बसेना. त्या दुकानात आल्या, पडदा सरकवला आणि बघतच राहिल्या. मग त्यांनी संक्रांतीच्या वाट्या आठवल्या, आणि बिल्डिंगमध्ये त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी कोणालाही काही सांगितलं नाही. असं त्यांचं म्हणणं आहे.

दिवाळीनंतर पगार परत पूर्ण झाला. कापलेला मात्र परत आला नाही, आणि तो कोणी मागितलाही नाही. दोन हजार नऊच्या डिसेंबरात दोघं मिळून बँकेत गेली, पंधरा हजार घेऊन. सलोनी मॅडमनी रक्कम टाकली. दत्तारामने टेबलाची कड धरली होती. हंसा समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"काका," मॅडम म्हणाल्या, "ऑक्टोबर दोन हजार पंधरा."

फेब्रुवारी सोळाच्या अलीकडे. चार महिने अलीकडे.

दत्तारामने टेबलाची कड सोडली. मॅडमनी हळूच विचारलं, की आता शिरा कधी. दत्तारामने हंसाकडे बघितलं. हंसा म्हणाली, "शेवटच्या हप्त्याला. त्याच्या आधी एक चमचाभर नाही."

घरी आल्यावर तिने पिशवीतून तोच कडीचा डबा काढला. दुकानात नेलेली बाकीची भांडी केव्हाच नावं घालून आली होती, हा एक राहिला होता. रोज दुसऱ्यांची नावं घालायची, तिला स्वतःच्या डब्याला वेळ मिळाला नव्हता. आज मिळाला होता. पोच्याच्या जरा वर, वळणदार अक्षरांत: सौ. हंसा दत्ताराम नाईकधुरे.

दत्तारामने डबा हातात घेतला आणि खिडकीपाशी नेला. एकेका अक्षरावरून अंगठा फिरवला. सवयीने मोजलीही.

"बारा," तो म्हणाला.

"सहा रुपये झाले," हंसा म्हणाली. "काढा."

दत्तारामने खिशातून दहाची नोट काढून तिच्या हातात ठेवली आणि सुट्या पैशांसाठी तळवा पुढे धरला. हंसाने नोटेची घडी केली, बँकेच्या पैशांच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

"उरलेले चार मुद्दलात," ती म्हणाली.